बाजार हिरवा, कासव उपाशी

डिसेंबरात बेळगावच्या भाजी मार्केटात उभं राहून कोणी "हिरवं काही मिळत नाही" म्हटलं, तर लोक त्याला डोळे तपासून घ्यायला सांगतील. कडोली, कंग्राळी, हलगा, बस्तवाड या गावांहून पहाटेच टेम्पो येऊन लागलेले असतात. मेथीच्या जुड्या, पालक, लाल माठ, शेपू, कोथिंबीर, हरभऱ्याची कोवळी भाजी, पानांसकट नवलकोल आणि बीट. भाजी स्वस्त आणि चवीची मिळते ती याच दोन-तीन महिन्यांत. मी पिशवी भरून घरी येते आणि परसातला एक जण मान लांबवून त्या पिशवीकडे बघत राहतो. त्याला त्यातलं सगळं आवडतं, आणि त्यातलं फारसं काहीच त्याला द्यायचं नसतं.

तो म्हणजे धोंडिबा. कासव, विहिरीत सोडतात ते नव्हे, जमिनीवरचं. जात सल्काटा, मूळ गाव सहारा वाळवंटाची दक्षिण कड, सेनेगलपासून इथिओपियापर्यंतचा कोरडा गवताळ पट्टा. माझ्या भाच्यानं तो पुण्यात असताना घेतला, पुढे त्याला जर्मनीत नोकरी लागली आणि "मावशी, तुझ्याकडं परस आहे" एवढ्या भांडवलावर धोंडिबा बेळगावातल्या वडगावला आला. परदेशी प्रजात असल्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद आहे, मालक बदलल्याचंही कळवलेलं आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण घरी आलेला प्रत्येक तिसरा पाहुणा "आम्हालाही एक बघा की, लक्ष्मी येते म्हणतात" असं सुचवतो. पाठीवर चांदण्या असलेलं आपलं देशी तारा कासव घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याला किमान ३ वर्षं कैद आहे. देवळात शिरताना कासवाला हात लावून पुढं जावं आणि तिथंच थांबावं, एवढंच मी त्यांना सांगते. सल्काटाही हौसेनं आणायचा प्राणी नाही. तळहातावर मावणारं पिल्लू पूर्ण वाढलं की ४०-५० किलोंच्या घरात जातं, आणि आपल्यामागं नातवंडांच्या गळ्यात पडेल इतकं जगतं.

त्याचं खाणं म्हणजे गवत. ओलं गवत, सुकं गवत, थोडा झाडपाला, क्वचित फूल. त्याच्या मोठ्या आतड्यात जिवाणूंची वस्ती असते आणि ते त्या चिवट तंतूंचं अन्न करतात. म्हणजे गाईम्हशीचंच काम, फक्त पोटाच्या दुसऱ्या टोकाला आणि रवंथाशिवाय. फळं, गाजर, टोमॅटो दिले की ते गोड पोटात भलतंच आंबतं. मेथी, हरभरा, वाटाण्याचे वेल यांत प्रथिनं जास्त. आणि पालक, माठ, बीटची पानं यांत ऑक्झॅलिक आम्ल; ते कॅल्शियमला असं धरून ठेवतं की कॅल्शियम अंगी लागतच नाही. ज्याचं अर्धं शरीर म्हणजे हाडाची पेटी, त्याला हे परवडणार कसं?

हे ऑक्झॅलेटचं प्रकरण पुस्तकात वाचून मला अर्धवटच कळलं होतं. नीट कळलं ते येळ्ळूरला, दिरांच्या गोठ्यासमोर. ऊसतोडीच्या दिवसांत जनावरांपुढं वाड्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे पडतात. भाऊजी वाडं कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडत होते. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "वैनी, नुसतं वाडं घातलं की म्हशीच्या अंगातला चुना वढून घेतंय ते. दूध पातळ, हाडं ठिसूळ. डॉक्टरनंच सांगितलंय." पालक आणि धोंडिबा, वाडं आणि म्हैस. ज्यांच्या दावणीला जनावर आहे त्यांना ही गोष्ट केव्हाची ठाऊक आहे. मला ती इंटरनेटवरून इंग्रजीत वाचून यावी लागली.

पावसाळ्यात हा प्रश्न येतच नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडं भिंतीवरसुद्धा गवत उगवतं. धोंडिबाला परसात सोडून द्यायचं आणि आपल्या कामाला लागायचं. दसरा सरला की मात्र हवा कोरडी होत जाते. दिवाळीपर्यंत परसातलं गवत पिवळं पडतं, डिसेंबरात त्याच्या काड्या होतात. म्हणजे बाजार हिरवागार होतो आणि चरणाऱ्याचं कुरण त्याच महिन्यात संपतं. त्यातून सल्काटा हिवाळ्यात झोपून राहणारं कासव नाही. थंड देशांतली काही कासवं अन्नपाणी सोडून महिनेन् महिने निजून काढतात. याला ती सोय नाही, बारा महिने भूक आहे.

पण भूक असून भागत नाही, अंगात ऊबही लागते. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत दुपारी तिशीच्या आसपास ऊन असतं आणि पहाटे पारा चौदा-पंधरावर, कधी त्याच्याही खाली. गार पडलेल्या कासवाच्या पोटातलं अन्न जागचं हलत नाही, नुसतं कुजतं. म्हणून रात्री त्याची रवानगी दिवा लावलेल्या लाकडी पेटीत, आणि सकाळी आधी ऊन, मग जेवण. दहा वाजता परसाच्या पूर्वेच्या कोपऱ्यातल्या फरशीवर तो चारी पाय पसरून पडतो. पाठ हाताला चांगली गरम लागली की आपणच उठतो आणि दुडदुडत ताटाकडं निघतो. दुपारी चारनंतर मी त्याला काही घालत नाही. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. "तिन्हीसांजेला दारात आलेल्याला तसंच परतवायचं?" असं म्हणून त्या पोळीचा तुकडा पदराआड लपवून आणतात, आणि मग आमची जुंपते.

चारा शोधायला मी पहिल्यांदा गेले तीही बाजारातच. सवय जाते कुठं. हरळी कासवाला उत्तम, आणि हरळी म्हणजेच दूर्वा, हे लक्षात आल्यावर फूलवालीकडं संकष्टी नसतानाही दूर्वांच्या जुड्या घ्यायला लागले. जुडीचा भाव देवाच्या हिशेबानं, खाणारा मात्र म्हशीच्या चुलत घराण्यातला. फूलवाली काही दिवस गप्प राहिली आणि मग न राहवून म्हणाली, "अक्का, तुमच्या घरात गणपती तरी किती हाईत?" खरी गोष्ट सांगितल्यावर ती हसून हसून पाणी प्याली आणि पत्ता सांगितला: तिच्या गावाकडं पाटाच्या कडेला हरळी इतकी माजली आहे की शेतकरी शिव्या घालून खणून काढतात. तिथून पुढं मी बाजार सोडला आणि बांध धरला.

एकदा कासवाच्या नजरेनं बघायची सवय लागली की बेळगावच्या चारी दिशांना हिवाळ्यातही चारा आहे. येळ्ळूर-शहापूर-वडगावच्या भाताच्या शिवारात कापणी होऊन गेलेली असते. जमिनीतल्या ओलीवर लोक मसूर, वाटाणा टाकतात. त्या रोपांना मी हात लावत नाही. पण कापलेल्या भाताच्या बुडख्यांतून पुन्हा कोवळे फुटवे येतात. त्यांचं मालकाला काही नसतं, आणि धोंडिबाला ते अगदी मानवतात. पश्चिमेला, खानापूर आणि चंदगडच्या अंगाला, हा रताळ्यांचा मुलूख. रताळी काढायच्या आधी वेल कापून बांधावर टाकतात, गुरं खातात. त्यातला एखादा बिंडा मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. रोज नाही, पण आठवड्यातून एकदोनदा ती पानं चालतात. मोटेचा काळ गेला तरी विहिरीपाशी, पाइपच्या गळतीपाशी ओल असते. तिथं पाथरी भेटते, जमिनीला चिकटून पसरलेली, तोडली की पांढरा चीक येणारी, कडवट. पाथरी दिसली की धोंडिबा बाकी सगळं पायाखाली तुडवून आधी तिच्याकडं जातो.

त्याचं खाणं बघत बसण्यासारखं असतं. दात नाहीत, वरच्या-खालच्या जबड्याला शिंगाची धार. पान आधी वासानं तपासतो, मग जाड गुलाबी जीभ बाहेर येते, पानाला टेकते, तोंड मिटतं. पान तुटलं नाही तर पुढचा पाय त्यावर रोवतो आणि मान झटक्यात मागं ओढतो. गवताची काडी असेल तर कच्चकन आवाज येतो, अगदी विळा चालल्याचा. कडेला थोडा हिरवा फेस जमतो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे काही असतं त्याला समाधान म्हणायचं की नुसती एकाग्रता, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

आणि खाणं बरोबर आहे की नाही याचा निकाल दुसऱ्या बाजूनं लागतो. घोड्याच्या लिदीसारखे कोरडे, तंतू दिसणारे गोळे पडले की समजायचं, ठीक चाललंय. पातळ, घाण वासाचं काही दिसलं की मी आधी सासूबाईंच्या पदराकडं बघते.

बांधावर जायचं तर डोळे उघडे ठेवून जावं लागतं. काँग्रेस गवत आता कुठं नाही? गेल्या शतकाच्या पन्नाशीत पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे तण आज आमच्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटचा मालक आहे. कोवळेपणी त्याची नक्षीदार पानं गाजराच्या किंवा कोथिंबिरीच्या पाल्यासारखी भासतात, आणि ते विषारी आहे. माणसाच्या हातालासुद्धा त्यानं खाज सुटते. खानापूरकडच्या कुंपणांतून घाणेरी असते, तीही नको. धोतरा, रुई तर लहान पोरांनाही ठाऊक. निपाणीकडं आमचं एक घर आहे, तिकडून गवत आणायचं मी टाळते. तंबाखूच्या शिवारात बांधावरच्या गवतात काय मिसळून येईल याचा भरवसा नाही.

पण या सगळ्यांपेक्षा मला भीती वाटते ती तणनाशकाची. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. मग पाठीवर पंप लावून उसाच्या सरीत आणि बांधावर फवारून मोकळं व्हायचं, हे आता घरोघरचं झालंय. शेतकऱ्याला बोल लावायला मी कोण? खुरपणीची मजुरी मी देत नाही. पण फवारलेलं गवत पहिले काही दिवस हिरवंगारच दिसतं, अगदी निरोगी. म्हणून माझा नियम साधा: मालकाला विचारल्याशिवाय एक काडीही तोडायची नाही. विचारलं की गप्पा होतात, चहा होतो, कोणी कन्नडमधून, कोणी मराठीतून, आणि "त्या पल्याडच्या बांधाला औषध मारलेलं नाही, तिथलं हुल्लु (गवत) ने" असं कळतं. भाऊजींनी तर विहिरीकडचा एक बांध फवारणीतून सोडूनच दिलाय. गड्यांमध्ये त्याचं नाव "कासवाचा बांध" पडलंय.

तरी रोजच्या रोज बांधावर जाणं नोकरी सांभाळून होत नाही. मी मराठी शाळेत शिकवते. जानेवारीत स्नेहसंमेलन, सराव परीक्षा. तेव्हा घरीच काही उगवायला हवं होतं. त्याची युक्ती घरातच होती. नवरात्रात आमच्याकडं घट बसतात: पत्रावळीवर काळी माती, त्यात सप्तधान्य, वर मातीचा घट आणि रोज पाण्याचा शिडकावा. नऊ दिवसांत वीतभर अंकुर येतात आणि दसऱ्याला ते टोपीत, कानावर, केसांत. हेच मी प्लास्टिकच्या भाजीच्या क्रेटमध्ये करते. तळाला पोतं, वर चार बोटं माती आणि शेणखत, रात्रभर भिजवलेला गहू दाट फेकायचा, ओलं फडकं टाकून दोन दिवस झाकायचं. थंडीत उगवण जरा सावकाश होते, पण पंधरवड्यात कात्रीनं कापण्याजोगं होतं. क्रेट आळीपाळीनं लावले की एक कापायला येतो तेव्हा दुसरा कोंबावर असतो.

घटातलं धान्य तसंच्या तसं मात्र वापरायचं नाही. सप्तधान्यात ज्वारी असते, आणि ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारा घटक असतो. कोवळी ज्वारी जनावराला "लागते" असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात ते यामुळेच. दुसरं, शेतीच्या दुकानातलं बियाणं. त्यावर बुरशीनाशकाचा गुलाबी-लाल थर असतो. ते शेतात पेरायला ठीक, क्रेटमध्ये उगवून पंधरा दिवसांत कासवाच्या तोंडी द्यायला नव्हे. गहू किराणा दुकानातला, खायचाच घ्यायचा.

कोवळा गहू झाला तरी तो पाणीदार. कासवाला चावायला चिवट काहीतरी लागतं. म्हणून भाऊजींच्या मागं लागून विहिरीजवळच्या अर्ध्या गुंठ्यात चाऱ्याचा ओट पेरला. दसरा-दिवाळीच्या दरम्यान टाकायचा, पाणी असलं की दोन महिन्यांनी पहिली कापणी, बुडखा राखून कापला की पुन्हा फुटतो. बेळगावची थंडी ओटाला इतकी मानवते की बघत राहावं. भाऊजींना आधी हा प्रकार हास्यास्पद वाटला. "दलिया खायचं पीक कासवाला?" असं म्हणत त्यांनीच पाटाचं पाणी वळवलं.

बाकी कुंपणाला जास्वंद आहे, तिची पानं-फुलं बारा महिने मिळतात. देवाला वाहिलेलं फूल मात्र तुळशीतच जातं, त्यावर सासूबाईंशी तह झालेला आहे. तुतीची एक काडी खोचली होती, तिची पावसाळ्याच्या शेवटी छाटणी केली की ऐन थंडीत नवी पानं येतात. आणि फड्या निवडुंग. आमचा जिल्हा असा की खानापुरात पाऊस धो धो आणि अथणीकडं जमीन भेगाळलेली; तिकडच्या एका सहकारी बाईंनी बिनकाट्याच्या जातीचे दोन फडे आणून दिले. चिरलेली बाजू सावलीत आठवडाभर सुकू द्यायची, मग नुसतं मातीत उभं करायचं, पाणी घालायची घाई करायची नाही. बिनकाट्याचं म्हणतात खरं, पण त्यावर बारीक केसाळ कुसं असतातच. फडा गॅसवर वांग्यासारखा फिरवून घेते आणि काप करून देते. त्यात कॅल्शियम चांगलं आणि पाणीही पोटात जातं.

पाण्याचं मोल थंडीत जास्त. आपले ओठ फुटतात तेव्हा त्याचंही अंग कोरडं पडत असतं. वाढत्या वयाच्या सल्काटाच्या पाठीवर उंचवटे येतात ते जास्त प्रथिनांनी, असं पूर्वी सगळे म्हणायचे. २००३ साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी याच जातीच्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासात कोरड्या हवेचा वाटा प्रथिनांपेक्षा मोठा निघाला. तेव्हापासून कोमट पाण्याची घमेली हा आमच्या हिवाळ्याचा भाग आहे. एक दिवसाआड सकाळी त्याला हनुवटीच्या खाली राहील इतक्या पाण्यात बसवायचं. तो मान बुडवून लांबलचक घोट घेतो, आणि मग ते पाणी अशा रीतीनं खराब करतो की घमेलं लगेच जास्वंदीला ओतावं लागतं. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेस. पशुपक्ष्यांच्या दुकानात तीच वस्तू चकचकीत वेष्टनात मिळते. पैसे त्या वेष्टनाचेच जास्त लागतात असा माझा तरी समज आहे.

सुक्या गवताचं लिहायचं राहिलंच. ओलं मिळो न मिळो, सुकं गवत कायम पेटीत असतं. भाताचं पिंजर तो हुंगून सोडून देतो, त्यावर झोपतो फक्त. खानापूरच्या डोंगरउतारावरचं करड गवत आवडीनं खातो, पण ते कुसळ धरायच्या आत कापलेलं हवं. कुसळी गवताची ती पिळदार, टोकदार बीजं तोंडात, डोळ्याच्या कडेत रुततात. सप्टेंबरच्या शेवटी-शेवटीच ओळखीच्या माणसाला सांगून ठेवावं लागतं. दिवाळीनंतर मिळेल ते स्वस्त असतं आणि कुसळांनी भरलेलं. पेंढीचा भाव ठरवताना तो माणूस दर वर्षी विचारतो, "म्हस किती लिटर देती, अक्का?" मी दर वर्षी काहीतरी आकडा सांगते.

आता फेब्रुवारी लागलाय. ओटाची दुसरी कापणी गच्चीवर वाळत घातली आहे, वळवाचा पाऊस येईपर्यंत ती पुरवायची आहे. भाच्याचा जर्मनीहून फोन येतो, तिकडं खिडकीबाहेर बर्फ, आणि तो विचारतो, "मावशी, याला बाजारातून सॅलड नाही का देत?" भाऊजी म्हणतायत की पुढच्या वर्षी ओट चांगला दोन गुंठे टाकू. कासवाच्या प्रेमानं नाही. त्यांच्या म्हशीनं दावं तोडून यंदाची चव घेतलीय, आणि तेव्हापासून ती वाड्याकडं बघायला तयार नाही.